मागाच्या खड्ड्यातलं पाणी

चोचीच्या टोकावर एक पांढरा दाणा होता. मोहरीपेक्षा लहान, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखा खरखरीत, चोचीच्या काळसर रंगावर नंतर कुणी चिकटवल्यासारखा. चारुशीलानं टेबलावरचा दिवा जवळ ओढून तो पुन्हा पाहिला. अंड्याचं कवच आतून फोडण्यापुरता तो दाणा पिल्लाला मिळतो आणि काम झालं की एक-दोन दिवसांत गळून पडतो, हे तिला कॉलेजात शिकवलेलं आठवत होतं. प्रत्यक्ष पाहायची वेळ आली नव्हती. म्हणजे हे पिल्लू कालचं, फार तर परवाचं. तिच्या ओंजळीत ते थरथरत होतं. त्यातला श्वास कुठला, हृदयाचा ठोका कुठला आणि भीती कुठली, हे वेगळं करता येत नव्हतं. सकाळी प्रयोगशाळेकडे निघाली असताना सोनेगाव तलावाच्या रस्त्यावर पुढच्या गाड्या हळू झाल्या, तेव्हा तिला खड्डा असेल असं वाटलं होतं. मग दिसलं की गाड्या कशाला तरी वळसा घालताहेत. रस्त्यावर एक बदक पडलं होतं, एक पंख उघडा, आणि त्या पंखावरचा हिरवा पट्टा उन्हात इतका ताजा चमकत होता की बाकीचं शरीर त्याच पक्ष्याचं आहे हे पटायला वेळ लागला. बाकीची पिल्लं नालीच्या जाळीतून खाली गेली होती. त्यांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग पाण्याबरोबर लांब गेला. हे एकच वर उरलं होतं आणि आईच्या त्या उघड्या पंखाखाली शिरायचा प्रयत्न करत होतं. शिरायचं, पंख उचलला जात नाही म्हणून बाहेर यायचं, पुन्हा शिरायचं. मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, गाडी साइडले घ्या ना!" तिनं गाडी बाजूला घेतली, डब्याच्या पिशवीतून डबा काढून सीटवर ठेवला आणि पिशवीत पिल्लू घेऊन घरी परत आली. प्रयोगशाळेत तिची विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासायची पाळी होती. येत नाही म्हणून तिनं फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडच्या मुलीनं काळजीनं विचारलं, "बाबांना काही झालं का?"

बाबा, म्हणजे भैयाजी, बाल्कनीतल्या खुर्चीवर बसले होते. प्रताप नगरातल्या या तिसऱ्या मजल्यावर येऊन त्यांना दोन वर्षं होत आली होती, आणि अजून ते त्या खुर्चीवर पाहुण्यासारखे, पाठ न टेकता बसत. त्यांनी चार पायांची काठी सरकवली आणि मान पुढे केली.

"कोंबडीचं आणलं काय वं?"

"बदकाचं आहे, बाबा. रानातलं. हळदी-कुंकू म्हणतात त्याला. मोठं झालं की चोचीचं टोक पिवळं होतं आणि कपाळापाशी दोन लाल ठिपके येतात."

"माय कुठं आहे त्याची?"

"गाडीखाली आली."

भैयाजींनी पिल्लाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अन् त्याले समजलं काय ते?"

तिनं वनखात्याच्या उपचार केंद्राला फोन लावला. तिथली डॉक्टर, रितिका, प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या मुलींएवढ्याच वयाची वाटत होती, पण बोलताना घाई करत नव्हती. दुपारी तिनं पिल्लाला तपासलं आणि सांगितलं की त्याच्या वयाचं दुसरं एकही पिल्लू आत्ता केंद्रात नाही. एकटं पिंजऱ्यात ठेवलं तर ते खाणं सोडेल. "तुम्ही सायन्सवाल्या आहात मॅडम, सांभाळू शकाल. नोंद आमच्याकडे राहील, दर आठवड्याला दाखवायला आणा. फक्त नाव ठेवायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, लाड करायचे नाहीत. एकदा का ते माणसाळलं ना, मग जगून पण काही उपयोग नाही त्याचा." चारुशीलानं मान डोलावली. या सूचना तिच्या स्वभावाला सोप्या होत्या. खोक्यात एक बल्ब, एक आरसा, उकडलेल्या अंड्याचा चुरा, बारीक चिरलेली पालक. पिल्लू आरशातल्या पिल्लाला टेकून झोपलं. सकाळी पाहिलं तर चोचीवरचा पांढरा दाणा नव्हता. खोक्यातल्या कागदावर तिनं तो शोधला, का ते तिलाही कळलं नाही, आणि तो सापडला नाही.

पण भैयाजींना सूचना लागू पडत नव्हत्या. ते पिल्लाशी बोलत नव्हते हे खरं, ते स्वतःशी बोलत आणि पिल्लू ऐके. त्यांच्या चालण्याचा एक आवाज होता: काठीचं टक, मग उजवा पाय फरशीवर घासल्याचं, मग पुन्हा टक. एका संध्याकाळी चारुशीला स्वयंपाकघरात असताना त्या आवाजामागे तिला आणखी एक बारीक, ओला आवाज ऐकू आला. दारात येऊन पाहिलं तर भैयाजी हॉलमधून चालले होते आणि काठीच्या मागे, काठीच्याच वेगानं, पिल्लू. ते थांबले की पिल्लू थांबे. ते मुद्दाम वळले, तर तेही वळलं.

"पाह्य ना वं," ते म्हणाले, "काठीले माय समजून राहिलं." आणि हसले. त्यांच्या हसण्यात वरचा एक दात पडल्याची फट दिसली. तो दात कधी पडला हे तिला माहीत नव्हतं. रोज त्यांच्या गोळ्या ती हातावर काढून देत होती, रक्तदाब पाहत होती, नखं कापत होती, आणि तो दात पडलेला तिला माहीत नव्हता, कारण या घरात ते असे कधी हसलेच नव्हते.

इथं ते आले ते स्ट्रेचरवरून. शहरातल्या जुन्या विणकर वस्तीत, तांडापेठेतल्या त्यांच्या घरात, मागाच्या खड्ड्यात पडून मांडीचं हाड मोडलं होतं. माग जाऊन वर्षं लोटली होती. लाकूड विकलं गेलं, फणी आणि धोटे कुणा कुणाला दिले, पण ज्यात पाय सोडून विणकर बसतो तो खड्डा जमिनीतच राहिला, त्याला कोण नेणार. भैयाजी रोज दुपारचा चहा त्या खड्ड्याच्या काठावर बसून, पाय आत सोडून घेत. दुसरीकडे बसलं की पाय कुठं ठेवावे समजत नाही, असं म्हणत. त्या दिवशी उठताना तोल गेला. शेजारच्या हेमराजला संध्याकाळी दार उघडं दिसलं म्हणून तो आत आला, तोवर ते खड्ड्यात बसून होते. हाक काहून नाही मारली, असं हेमराजनं विचारलं तर म्हणाले, लोकं कामाच्या टायमाले असतेत. चारुशीलानं त्या खड्ड्यावर सागाची फळी टाकून चारी बाजूंनी खिळे ठोकून घेतले, घराला कुलूप लावलं आणि त्यांना इकडे आणलं. तेव्हापासून ते सरळ कधीच काही मागत नव्हते. तिकडं नळाले पाणी येते का नाही कोण जाणे, म्हणत. बंद घराची भिंत फुगते, म्हणत. आणि ती म्हणे, हाड नीट जुळू द्या. मग, उन्हाळा जाऊ द्या. मग, पाऊस संपू द्या. यातलं प्रत्येक कारण स्वतंत्रपणे तपासलं तर बरोबर होतं.

पिल्लाला टबात सोडायला लागून काही दिवस झाले होते. त्या दिवशी सोडलं तेव्हा ते तरंगलं, पण फार खाली. पाणी पाठीपर्यंत चढत होतं. थोड्या वेळात त्याच्या अंगावरची लव चिकटून काळी झाली आणि ते काठाला चोच लावून उभं राहायचा प्रयत्न करू लागलं. चारुशीलानं त्याला उचलून पुसलं आणि पुसताना छातीवरची लव बोटांना कडक लागली. इस्त्री केलेल्या सुती कापडासारखी. तिनं ती चिमटीत धरून नखानं खरवडली, वास घेतला. भात. बाहेर येऊन तिनं विचारलं, "बाबा, याला काय खायला घातलं?"

"पेज देल्ली थोडीशी. पातळ."

त्यांच्या घरी पेज दोघांसाठी शिजत असे, आजारी माणसासाठी आणि ताण्यासाठी. एकाच गंजात, त्या मोठ्या पातेल्यात. वरची पातळ वाटीत जायची आणि खालची घट्ट खळ म्हणून ताण्याच्या धाग्यांना लावली जायची, म्हणजे मागावर ताण बसला तरी सूत तुटत नसे. लहानपणी ताप आला की आई, कुसुमावती, त्याच गंजातली वाटी पुढे करायची आणि तिला वाटायचं की आपल्यालाही आता उन्हात ताणून वाळवणार.

"सुताले ताकद येते तं याले काहून नाही येणार?" भैयाजी म्हणाले. "भुकेलं होतं ते. अंड्याचा चुरा खाऊन खाऊन कटाळलं होतं."

"ते बुडालं असतं," चारुशीला म्हणाली. "त्याच्या अंगावर खळ बसली आहे. त्याला पाण्यात तरंगता येत नाहीये. तुम्हाला दिवसभर एकटं सोडून मी कामावर जाते ना, तेव्हा मला भीती वाटते ती ह्याच्यासाठीच."

आवाज चढलेला नव्हता. प्रयोगशाळेत एखादा नमुना अयोग्य ठरवताना ती ज्या आवाजात बोले तोच तो आवाज होता. भैयाजींनी काठी भिंतीला टेकवली, ती घसरली, त्यांनी पुन्हा नीट टेकवली. त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी लोणच्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रात रितिकानं पिल्लाला कोमट पाण्यात धरून ठेवलं, घासलं नाही. पेज आपोआप सुटत गेली. "हे तर निघून जाईल," ती म्हणाली. "पण मॅडम, पाण्यातून काढल्यावर तुम्ही काय करता?"

"पुसते. मऊ टॉवेलनं. गारठू नये म्हणून."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग खरी गडबड तिथं आहे. ओलं वाटलं की ते स्वतः चोचीनं एकेक पीस ओढून बसवतं, शेपटीपाशी तेल असतं ते घेऊन लावतं. तुम्ही कोरडं करून दिलं तर ते कशाला करेल? थोडं थरथरू द्या. बघत राहा, पण हात नका लावू."

परतताना लक्ष्मीनगरच्या सिग्नलला उभी असताना ती पिसाचा विचार करत होती. सूक्ष्मदर्शकाखाली पीस एखाद्या विणीसारखं दिसतं. एका तंतूचे आकडे शेजारच्या तंतूत अडकलेले. ते आकडे सुटले की पाणी आत शिरतं, आणि ते परत अडकवता येतात फक्त त्याच पक्ष्याच्या चोचीला. बाहेरून कितीही काळजी घेतली तरी ते बाहेरून होत नाही. हे तिला माहीत होतं, नेहमीच माहीत होतं. टॉवेलबद्दल रितिका जे बोलली ते आज भैयाजींना सांगायचं, असं तिनं ठरवलं. घरी पोचली तेव्हा ते बाहेर जायचा सदरा घालून बसले होते, उगाचच, आणि वरचं बटण काजापाशी चाचपडत होते. तिनं पुढे होऊन ते लावलं. लावून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तिनं ते लावलं आहे. टॉवेलचं सांगायचं राहून गेलं.

पिल्लू वाढलं. टब पुरेना. त्याला पोहायला, बुडी मारायला खोल पाणी हवं आणि माणसांची ये-जा कमी, असं रितिका म्हणाली. चारुशीला गच्चीवर टाकी ठेवता येईल का हे सोसायटीला विचारायच्या बेतात होती. भैयाजी बाल्कनीतून, रस्त्याकडे पाहतच म्हणाले, "तिकडं खड्डा आहे ना."

फळीचे खिळे तिनंच उपटले. गंजलेले होते, एकेक निघताना किंचाळत होते. खाली खड्डा दिसला: तिच्या मांडीएवढा खोल, आतून सिमेंटचा गिलावा, तळाशी धूळ, आणि समोरच्या भिंतीवर पायांनी घासून गुळगुळीत झालेले दोन उथळ खळगे. शाळेत असताना ती याच खड्ड्याच्या तोंडाशी, मागाच्या खाली बसून अभ्यास करायची, कारण घरात दुसरी रिकामी जागा नव्हती. वर ताणा, त्याच्यावरून धोट्याची इकडून तिकडे धाव, पलीकडे आईच्या चरख्याची घरघर, आणि डोळ्यांसमोर फक्त बाबांचे पाय. एक दाबला की दुसरा वर. चेहऱ्यापेक्षा ते पाय तिला जास्त ओळखीचे होते. बाबा चिडलेत, थकलेत, सणाचं लुगडं संपत आलंय, हे तिला पायांवरून कळायचं. दहावीला गणितात पैकीच्या पैकी मिळाल्याचं तिनं खालूनच सांगितलं होतं, आणि वरून काही उत्तर आलं नाही, फक्त दोन्ही पाय एकदम थांबले. सबंध दुपारभरात धागा तुटल्याशिवाय ते पाय कधी थांबले नव्हते.

खड्ड्यात ताडपत्री अंथरली, नळीनं पाणी सोडलं, तीच सागाची फळी तिरकी टेकवली, म्हणजे पिल्लाला चढून बाहेर येता यावं. हेमराज दारात येऊन उभा राहिला.

"काय भैयाजी, लुगडे इनता इनता आता बदक इनून राहिले काय गा?"

"किनारीचं काम चालू आहे," भैयाजी म्हणाले. "हिरवा पट्टा यायचा आहे पखाले. तुह्या पावरलूमवर नाही निघत असा."

"पावरलूम गेला ना भंगारात. आता ई-रिक्षा चालवतो मी, तुमाले काय ठाव! दोन वर्षं झाले, तोंड नाही दाखवलं तुमी."

"म्या नाही दाखवलं?" भैयाजी म्हणाले. चारुशीला ताडपत्रीची घडी सारखी करत राहिली.

मग रोजचं ठरून गेलं. सकाळी ती त्यांना तांडापेठेत सोडी, गांधीबागेतली हातगाड्यांची गर्दी ओलांडून प्रयोगशाळेत जाई, संध्याकाळी त्यांना घेऊन येई. पिल्लू तिथंच राही. रात्री दाराला कुलूप, खिडकीला जाळी. पाणी रोज घाण होई, ते भैयाजी तांब्यानं बादलीत उपसून मोरीत टाकत, दिवसभर, हळूहळू, आणि तिनं दुसऱ्या कुणाला सांगू का म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, गल्लीत ढोल आणि माणसांचा लोंढा येणार म्हणून तिनं त्यांना नेऊ नये असं ठरवलं होतं. ते सकाळीच चपला घालून दाराशी उभे होते. दुपारी त्यांचा फोन आला. मागे ढोल इतका मोठा होता की त्यांना ओरडावं लागत होतं. "अवं चारू, बुडलं वं ते! आवाजानं भेलं अन् डायरेक्ट पाण्याच्या आत! फळीखाली लपून बसलं! मंग निंगालं बाहेर, तं आंगावर एक थेंब नाही. मोत्यावानी घसरले सारे थेंब!" ती नमुन्यांच्या बाटल्यांसमोर उभी होती. मागे कुणाचा तरी आवाज आला, कुणीतरी हसलं, भैयाजी फोन बंद न करताच त्यांच्याशी बोलू लागले आणि ती ऐकत राहिली. तिचे वडील मध्येच दुसऱ्याचं बोलणं तोडत होते, थट्टा करत होते, कुणाला तरी शिवी देत होते. प्रताप नगरात त्यांनी कुणाचं बोलणं तोडलं नव्हतं.

"रात्री तेवढं एकलं राहते ना ते," त्या संध्याकाळी गाडीत ते म्हणाले. "मीच राहिलो इथं तं?"

"पाऊस संपू दे, बाबा."

"संपला ना वं पाऊस."

"अजून हस्त बाकी आहे."

पुढच्या वेळी रितिका तांडापेठेच्या घरीच पाहायला आली. पंख भरले होते. पिल्लू फळीवर उभं राहून ते जोरात फडफडवे आणि खड्ड्यातलं पाणी थरथरे. चोचीच्या टोकाला पिवळं दिसू लागलं होतं. पण भैयाजी काठी टेकत आले की ते पाण्यातून चढून काठीच्या मागे लागे. रितिकानं ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "हे मोडावं लागेल. नाहीतर तलावावर कुणी काठीवाला म्हातारा आला की हे त्याच्या मागे जाईल. प्रत्येक जण काही आजोबांसारखा नसतो." भैयाजींनी एकदा तिच्याकडे आणि एकदा काठीकडे पाहिलं. चारुशीलाला वाटलं, आता ते म्हणतील की मग मी येत नाही. तसं वाटताना आपल्याला थोडी सुटकाही वाटली, हे तिला स्वतःत स्पष्ट दिसलं.

त्यानंतर काही दिवसांनी प्रयोगशाळेतलं एक यंत्र बंद पडलं म्हणून ती दुपारीच निघाली. तांडापेठेतल्या घराचं दार लोटलेलं होतं. ढकलायला हात पुढे केला तेव्हा तिला दिसली ती काठी. दाराबाहेर, भिंतीला टेकवून ठेवलेली, चपलांसारखी. तिनं फटीतून आत पाहिलं. भैयाजी भिंतीच्या कडेनं चालत होते. अनवाणी. डावा हात भिंतीवर, आणि तो हात चाचपत नव्हता. जुन्या खुंटीवर, मग कोनाड्याच्या कडेवर, मग माग होता तेव्हाच्या त्या लाकडी खांबावर, असा जिथं जायचा तिथंच जात होता. पाय घासण्याचा आवाज होता, पण अगदी हलका. खांबापाशी ते थांबले, श्वास घेतला, आणि खांब धरून खाली बसले. काठावर बसून त्यांनी पाय पाण्यात सोडले. बदक लांबच्या कोपऱ्यात होतं. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि पीस साफ करत राहिलं. बऱ्याच वेळानं त्यांनी पाय वर घेतले, ओले. कुशीवर झाले, एक गुडघा टेकला, खांब धरला, थांबले. दुसरा पाय घेताना ओल्या फरशीवरून सरकला आणि सगळं शरीर एका बाजूला गेलं. चारुशीलाचा हात दारावर होता. तळहाताला दाराच्या लाकडाचा प्रत्येक पापुद्रा जाणवत होता. खांबावरचा त्यांचा हात घट्ट झाला, पाय परत जागेवर आला, आणि ते तसेच, अर्धे उठलेले, हसले. कुणाकडे पाहून नाही. मग उठले. तिनं दार ढकललं नाही. ती जवळच्या नाईक तलावाकाठच्या टपरीवर जाऊन बसली, एक चहा सांगितला, तो गार होऊ दिला, आणि रोजच्या वेळेला परत आली. तेव्हा काठी त्यांच्या हातात होती.

तिनं पाहिलं हे तिनं सांगितलं नाही. का नाही, याची तिनं स्वतःला बरीच कारणं दिली. पाहिलं असं सांगितलं असतं तर त्यापुढचं वाक्यही म्हणावं लागलं असतं, आणि ते वाक्य तिच्याजवळ तयार होतं. कितीतरी दिवसांपासून. पोळ्याआधीपासून, कदाचित त्या टॉवेलच्या दिवसापासून. ते वाक्य म्हटल्यावर रात्री तिला झोप लागणार नव्हती, फोन वाजला की दचकायला होणार होतं, न वाजला तरी दचकायला होणार होतं. मोरीची पायरी उंच होती. ओली फरशी तिनं आजच पाहिली होती. यातला एकही धोका कमी झालेला नव्हता, कमी होण्यासारखाही नव्हता. दारामागे उभी असताना फक्त एवढंच कळलं होतं की हे सगळे धोके त्यांना तिच्याइतकेच माहीत आहेत.

दसरा झाल्यावर बदक सोडायचं ठरलं. उमरेडच्या अलीकडे एक तलाव होता, तिथं त्याच्याच जातीचे थवे उतरू लागले होते. रितिका तिच्या जीपमधून पिंजरा घेऊन आधीच पोचली होती. तलावाला दगडी पाळ होती. पलीकडे लव्हाळ्यात दहा-बारा बदकं होती, पाणी शांत. पिंजऱ्याचं दार उघडलं तरी बदक आतच राहिलं. मग बाहेर आलं, पाण्याच्या कडेला उभं राहिलं. भैयाजी पाळीवर होते. नीट दिसावं म्हणून त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि काठी दगडावर टेकली. टक.

बदकानं मान वळवली. दोन पावलं त्यांच्याकडे चढून आलं.

भैयाजींनी काठी उचलली. जमिनीपासून वीतभर वर, दोन्ही हातांनी आडवी धरली आणि तसेच उभे राहिले. दगड उतरता होता. त्यांचे गुडघे थरथरताना धोतराच्या कडेला दिसत होते. चारुशीला त्यांच्या कोपरापासून हातभर अंतरावर होती. हात आपोआप पुढे निघाला आणि तिनं तो परत घेऊन पदराच्या टोकात गुंडाळला. वारा नव्हता. बदक वाट पाहत राहिलं. कुठलाच आवाज आला नाही. मग ते वळलं, पाण्यात उतरलं, काही अंतर पोहलं. थव्यातलं एक त्याच्या अंगावर धावून आलं, तसं ते बाजूला झालं, थांबलं, आणि थव्यापासून थोडं लांब, पण त्याच दिशेला तोंड करून तरंगत राहिलं. पाठ कोरडी होती. मग लव्हाळ्यात कुठलं ते, हे ओळखता येईना.

"जगेल का?" चारुशीलानं विचारलं.

"आईनं वाढवलेली पण सगळी जगत नाहीत, मॅडम," रितिका म्हणाली. "पण आज रात्री ते पाण्यावर झोपेल. एवढं नक्की."

भैयाजींनी आता काठी टेकली आणि कुणी न सांगता तिच्यावर पूर्ण भार टाकला.

परतीच्या रस्त्यावर त्यांनी खिडकीची काच खाली घेतली. मग म्हणाले, "त्या खड्ड्यातलं पाणी उपसा लागते आता."

"हो."

"मीच उपसीन. सवय झाली." थोडं थांबून, खिडकीबाहेर पाहत, "अन् फळी ठोकू नको वं आता त्याच्यावर."

दोन्ही बाजूंनी तुरीची शेतं गेली, मग प्लॉटांच्या ले-आउटच्या पाट्या, मग दिघोरी. चौकात सिग्नल लाल होता. डावीकडे रिंग रोड, म्हणजे प्रताप नगर. सरळ सक्करदरा, गांधीबाग आणि पुढे तांडापेठ. सवयीनं तिनं डावीकडचा दिवा लावला होता आणि तो गाडीत टक, टक वाजत होता. तिनं तो बंद केला. गाडीत शांत झालं. सिग्नल हिरवा झाला, तिनं गाडी सरळ घेतली.

"काहून वं," भैयाजी म्हणाले, "वळून नाही राहिली?"

"आपण तांडापेठेत चाललोय." हे सोपं होतं. तिनं पुढच्या रिक्षाच्या मागे गाडी हळू केली, आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, तुम्ही आजपासून तिथंच राहा. रात्रीपण. एकटे."